पायांकडे बघणाऱ्या हिरामावशी

हिरामावशींचं गाव दुर्गाडीच्या पुलापलीकडे, कोनच्या थोडं आत. कल्याणहून ठाण्याला जाणारी बस त्यांच्या गावाच्या फाट्यावर थांबायची. तरीही त्या रोज सकाळी शेअर रिक्षाने उलट्या दिशेला, कल्याण स्टेशनला यायच्या. बस जिथून सुटते त्या स्टँडवर रांग लावायच्या, पुढच्या दाराजवळची जागा पकडायच्या आणि पूल ओलांडायच्या आत ती जागा कुणाला तरी देऊन मोकळ्या व्हायच्या. तिथून ठाण्यापर्यंत सव्वा-दीड तास उभ्या.

हा प्रकार माझ्या लक्षात यायला महिना लागला. मी विचारलं, "मावशी, उभंच राहायचं तर फाट्यावरच चढा ना. एवढा उलटा फेरा कशाला?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी अगदीच अडाणी आहे. "फाट्यावरनं चढले तं मना कोन जागा देतंय? आनि माज्याकडं जागाच नसंल, तं मी दुसऱ्याला काय देनार?"

वय सत्तरीच्या आसपास, अंगकाठी उंच आणि वाळकी. लुगडं पोटरीपर्यंत, गळ्यात सोन्याची जाड माळ, पायात धाकट्या मुलाच्या जुन्या रबरी सँडल. एका जागी स्वस्थ राहणं त्यांना माहीतच नव्हतं. उभ्या असल्या तरी हात चालूच. कुणाची खिडकी अडकली असेल तर ओढून उघडतील, वाटेतली पिशवी पायाने सीटखाली सारतील, लोंबकळणारी ओढणी दारात अडकेल म्हणून आत घेतील. बस सिग्नलला थांबली की त्या जास्तच कासावीस व्हायच्या. वाकून पुढे बघायच्या, घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघायच्या आणि ड्रायव्हरला सांगायच्या, "काड रं बाबा, काड."

त्यांना घाई होती ती बहिणीची. ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत त्यांची मोठी बहीण अंथरुणाला खिळून होती. सुना होत्या, एक बाई ठेवलेली होती, पण बहीण आंघोळीसाठी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. हिरामावशी पोहोचेपर्यंत ती तशीच पडून राहायची. मावशींच्या घरी दोन गाड्या होत्या. सासरच्या जमिनीवर मुलांनी सात मजली इमारत उभी केली होती. पण मुलगा गाडीने सोडायला निघाला की वाटेत दहा फोन घेतो आणि तीन ठिकाणी थांबतो, म्हणून मावशींना बसच बरी वाटायची.

माझी-त्यांची ओळख झाली ती माझ्या पोटाच्या ऑपरेशननंतर. मी माजिवड्याला एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. दिवसभर कुणी ना कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असतं आणि मी त्यांना धीर देत असते. रजा संपल्यावर कामावर जायचा तो पहिला दिवस. ऑफिसात कुणी कीव करू नये म्हणून मी जरा जास्तच पावडर, लिपस्टिक लावून निघाले होते. बसमध्ये दांडा धरून उभी राहिले. एक उंच म्हातारी समोरच्या सीटवरून खाली वाकून माझ्या पायांकडे बघत होती. मला वाटलं, काही पडलंय. तेवढ्यात ती उठली, मला खांद्याला धरून तिने खाली बसवलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "पोटाचं हाय ना गो?"

मी चकित झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"पायाची बोटं आवलून धरलीस. पोटाला टाका असला की मानूस पायाच्या बोटावर जोर घेतं." मग म्हणाली, "तोंड खोटं बोलतं बाय. पायाला खोटं बोलाला येत नाय."

ही विद्या त्यांना मिठागरात मिळाली होती. त्यांचं माहेर कळव्याच्या बाजूचं. लग्नापर्यंत आईबरोबर त्या मिठागरात काम करत होत्या. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहायचं, डोक्यावरून टोपल्या वाहायच्या. कुणाला बरं नसलं तरी बोलायची सोय नव्हती. मुकादम घरी पाठवेल ही भीती. मग त्यांची आई बायकांच्या पायांकडे बघायची, कोण भेगाळलंय, कोण लंगडतंय, कोणाचा पाय सुजलाय, आणि काही न बोलता त्या बाईची टोपली आपल्या डोक्यावर घ्यायची. "आई सांगाची, मानसाला इचारलं तं मानूस नाय म्हंतं. इचाराचं नाय. बगाचं आनि कराचं."

या न विचारण्यावर मावशींचा फार भरवसा होता. जागा देण्याची त्यांची रीतही त्यातूनच आलेली. "या, बसा" असं मोठ्याने म्हणणं त्यांना मुळीच आवडत नसे. कुणी तरुण मुलगी "आजी, बसा ना" म्हणत उठली आणि सगळीकडे बघून हसली, की त्या पुटपुटायच्या, "दिली तं दिली, ढोल कशाला वाजवाचा?" स्वतः मात्र उठताना म्हणायच्या, "मना उतराचं हाय." आणि दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. बसलेल्याला वाटायचं, यांचा थांबा आलाय. कंडक्टरला हे ठाऊक होतं. एकदा एका गृहस्थाने मानकोलीपर्यंत वाट पाहून विचारलं, "आजी, तुम्हाला उतरायचं होतं ना?" तर मावशी शांतपणे म्हणाल्या, "हो, उतराचं हाय ना. ठान्याला."

सगळ्याच म्हाताऱ्यांवर त्यांची मेहेरनजर नसे. एक पांढऱ्या बुटांतले काका रोज चढायचे आणि ज्येष्ठ नागरिकांच्या जागेवर कुणी बसलं असेल तर खिशातलं कार्ड काढून समोर धरायचे. एका दिवशी त्या जागेवर रात्रपाळी करून परतणारी एक नर्स बसली होती. तिचे पाय सँडलच्या पट्ट्यांतून फुगून बाहेर आलेले. काकांनी कार्ड काढलं. ती उठायला लागली. मावशींनी तिला हाताने दाबून बसवलं आणि काकांना म्हणाल्या, "दादा, सकाली चालून आला का?"

"हो, पाच किलोमीटर. रोजचा नेम आहे," काका अभिमानाने म्हणाले.

"मंग आजून जरा उबं ऱ्हावा. नेम पक्का व्हईल."

बस हसली. काकाही शेवटी हसले. मीही हसले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला या बाईच्या नजरेचा गर्व वाटायला लागला, जणू ती माझीच कुणी होती. मी ऑफिसात तिचे किस्से सांगायचे. आपली जागा देऊन झाल्यावर मावशींनी दुसऱ्या एखाद्याला उठवलं की तो उठायलाच हवा, असं मीही धरून चालले होते.

मग ती मे महिन्यातली सकाळ आली.

मावशी त्या दिवशी चढल्या तेव्हाच त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. आदल्या दिवशी बहिणीने त्यांना ओळखलं नव्हतं. त्या सारख्या पदराने मान पुसत होत्या आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, "मना म्हनाली, तू कोन? अंगावर पानी घालताना म्हनाली, तू कोन?" त्यांची स्वतःची जागा त्यांनी स्टँडवरच कुणाला तरी देऊन टाकली होती. रांजनोलीच्या पुढे गाड्यांची रांग लागली आणि बस गोगलगाय झाली. आत उकाडा, पाय ठेवायला जागा नाही. अशात एक बाई चढली. काखेत तापलेलं मूल, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. तिला धड धरताही येत नव्हतं.

मावशींनी आजूबाजूला पाहिलं. दाराजवळच्या सीटवर तिशीचा एक माणूस बसला होता. कानात इअरफोन, मांडीवर मोठी बॅग, नजर खिडकीबाहेर. बॅग आणि गर्दी यांच्या आड त्याचे पाय दिसत नव्हते.

"ऊट रं," मावशी म्हणाल्या.

त्याने इअरफोन काढला. "मावशी, मी जरा..."

"जरा काय? तरनाताटा हायस, पोर काखंत घेऊन बाई उबी हाय, दिसत नाय तुला? लाज नाय वाटत?"

इतक्या मोठ्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मागून कुणी म्हणालं, "आजकालची पोरं अशीच." दुसरा म्हणाला, "अबे, उठ ना यार." आणि मीही म्हणाले. माझे शब्द मला नेमके आठवतात. मी म्हणाले, "अहो, माणुसकी म्हणून तरी उठा."

तो उठला. एक शब्द न बोलता उठला, बॅग खांद्याला लावली आणि दांडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. मुलाची आई बसली. सगळ्यांना समाधान वाटलं. गर्दीत त्याची पाठ तेवढी मला दिसत होती. अर्ध्या तासात शर्ट घामाने पूर्ण भिजला होता. मला वाटलं, उकाडा.

मानकोली सुटल्यावर रस्ता एकदम मोकळा झाला, ड्रायव्हरने वेग घेतला आणि लगेच पुढच्या ट्रकमुळे करकचून ब्रेक मारला. तो माणूस पडला. उजव्या अंगावर, आडवा. लोकांनी त्याला उचललं तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत सरकली होती. गुडघ्याखाली पाय नव्हता. धातूची नळी होती, आणि जिथे ती मांसाला बसवलेली असते तिथल्या मोज्यावर रक्त पसरत होतं.

त्याने पँट खाली ओढली. कंडक्टर म्हणाला, "दवाखान्यात नेऊ का?" तो म्हणाला, "नको. पुढच्या थांब्याला उतरवा फक्त." मुलाची आई रडायला लागली आणि जागेवरून उठली. तो तिला म्हणाला, "तुम्ही बसा हो. तुमचा काय संबंध." खारेगावला बस थांबली आणि तो दांडा धरत धरत उतरला.

मावशी इतका वेळ दगडासारख्या उभ्या होत्या. दार बंद व्हायला लागलं तसं त्यांना भान आलं. "थांबव! आरं थांबव!" म्हणत त्यांनी दारावर थापा मारल्या. बस हायवेला लागली होती. बऱ्याच अंतरावर ड्रायव्हरला ती बाजूला घेता आली. मावशी उतरल्या आणि त्या उन्हात, ट्रकच्या धुरात, मागे खारेगावकडे चालायला लागल्या. मी खिडकीतून बघत होते. मी उतरले नाही. नऊ वाजता मला फोनवर बसायचं होतं, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन, पण ते खरं नाही. मला त्या माणसाच्या समोर जायचं नव्हतं.

तो त्यांना सापडला नाही. दुसऱ्या दिवशी भेटल्या तेव्हा त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "रिक्षावाल्यांना इचारलं, पानपट्टीवाल्याला इचारलं. गेला."

त्यानंतर हिरामावशी बदलल्या. त्या पूर्वीसारख्याच स्टँडवर यायच्या, पूर्वीसारखीच आपली जागा देऊन टाकायच्या, पण दुसऱ्या कुणाला त्यांनी उठवलं नाही. बसभर त्यांची नजर फिरत राहायची. प्रत्येक तरुणाच्या पँटच्या काठाकडे, बुटाकडे, पाऊल टाकण्याच्या ढबीकडे. थांब्यावर बस उभी राहिली की वाकून बाहेरची माणसं न्याहाळायच्या. कधी सकाळची पहिली बस, कधी दहाची, कधी दुपारची, असं वेळा बदलून बघायच्या. मला म्हणायच्या, "शुभा, तूच बग गो. माज्या डोल्यावर माजा भरवसा नाय ऱ्हायला."

पावसाळ्यात त्यांची बहीण गेली. मला वाटलं, आता त्या यायच्या थांबतील. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी त्या पुन्हा रांगेत उभ्या.

"आता कुणाकडे निघालात?"

"ठान्याला."

"पण तिथे आता..."

"जाते नि येते," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून बसमध्ये चढल्या.

मला त्यांची काळजी वाटायला लागली, आणि थोडा रागही येत होता. त्या दिसल्या की मला माझं ते वाक्य आठवायचं. एकदा मी चिडून म्हणाले, "मावशी, तो कदाचित या रस्त्याने कधी येणारच नाही. आणि तुम्ही एकट्याच थोड्या बोललात? सगळेच बोलले."

"सगले माज्या मागनं बोलले," त्या म्हणाल्या. "पयली मी बोलले."

दिवाळी होऊन गेली. एका सोमवारी दुर्गाडीच्या थांब्यावर तो चढला. मीच आधी पाहिलं. त्याला कुणीतरी जागा दिली, किंवा मिळाली, आणि तो खिडकीशी बसला. मावशी दाराशी होत्या. मी त्यांना हाक मारली नाही, फक्त त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी माझ्या नजरेच्या रोखाने पाहिलं.

त्या गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेल्या. त्याने मान वर केली, त्यांना ओळखलं, आणि बॅग उचलून उठायला लागला.

ते बघून मावशींच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. त्यांनी दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. "बस. बस रं बाबा, बस." आणि मग त्या दिवशीच्या इतक्याच मोठ्या आवाजात, सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी तुला उटवलं ती माजी चूक. मी चारचौघांत बोलले, तं चारचौघांतच सांगते. माजं चुकलं."

पायाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्याचे कान लाल झाले होते. "जाऊ द्या हो मावशी. रोजचंच आहे," तो म्हणाला.

"कसलं रोजचं?"

"रोज कोणी तरी उठवतं. मी सांगू कोणाकोणाला? पँट वर करून दाखवू?" त्याचा आवाज चढला नव्हता, पण मऊही नव्हता. "तुम्ही विचारलं असतं ना, की उठता येईल का, तर मी नाही म्हटलं असतं. एवढंच. कोणी विचारतच नाही. एक तर ऊठ म्हणतात, नाहीतर बघून ठरवतात."

आयुष्यभर मावशी बघूनच ठरवत आल्या होत्या. मी पुढे झाले आणि म्हणाले, "त्या दिवशी मीही बोलले होते. मला माफ करा." मावशींसारखा आवाज मला काढता आला नाही. शेजारच्या माणसालासुद्धा ऐकू गेलं नसेल. त्याने ऐकलं, आणि मान हलवली. माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही.

त्याचं नाव प्रशांत. राहायला कल्याणलाच, काम माजिवड्यापुढे एका गोदामात, कॉम्प्युटरवर. मोटरसायकलचा अपघात. त्या मे महिन्यानंतर जखम चिघळली आणि दिवाळीपर्यंत तो घरीच होता, म्हणून दिसला नव्हता. हे मावशींनी त्याच्याकडून हळूहळू काढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा विचारताना ऐकलं. एक गरोदर बाई चढली होती. मावशी समोरच्या मुलाला म्हणाल्या, "बाला, तुला उटता येल का?" शब्द तोंडात अडखळले, जणू परकी भाषा बोलत होत्या. मुलगा उठला. दुसऱ्या दिवशी एका माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "नाही." दिसायला धडधाकट, पाय मजबूत. मला वाटलं, आता मावशी काही तरी बोलतील. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि त्याच्या मागच्याला विचारलं. नंतर मला म्हणाल्या, "नाय म्हनाला तं नाय. का म्हनून इचाराचं नाय. त्येचं त्येला ठावं." मग बाहेर बघत म्हणाल्या, "आईचं बरोबर व्हतं गो. पन मिठागरात समद्यांचे पाय उगडे व्हते."

होळीच्या सुमारास चार-पाच दिवस त्या दिसल्या नाहीत. सहाव्या दिवशी कंडक्टरने तिकीट देता देता सांगितलं, "मावशी गेल्या. झोपेतच." मी त्या रविवारी त्यांच्या गावी गेले. सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर मंडप होता. थोरल्या सुनेला मी सांगितलं की आम्ही बसमधल्या ओळखीच्या. ती म्हणाली, "बसमधल्या? ठाण्याच्या मावशी वारल्यानंतर पण जायच्या का आई? आम्हाला तर देवळात जाते म्हणून सांगायच्या." मी काय सांगणार होते? म्हटलं, जायच्या कधी कधी.

प्रशांतला मीच सोमवारी सांगितलं. तो दुर्गाडीला चढला होता आणि माझ्या मागच्या सीटवर बसला होता. ऐकून तो बराच वेळ मोबाइलचा काळा पडदा अंगठ्याने पुसत राहिला.

कोनला एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चढले. जागा कुठेच नव्हती. मी उठणार तोच मागून प्रशांतचा आवाज आला. त्याने शेजारच्या मुलीला विचारलं, "तुम्हाला उठता येईल का?"

मुलगी विशीची, कॉलेजची. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली. म्हणाली, "आज नाही."

"ठीक आहे," प्रशांत म्हणाला, आणि पलीकडच्या माणसाकडे वळला.